फादरांनी सांगितलेलं

ईस्टरआधीचा उपासाचा काळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारी, कोरियातल्या आनदोंगच्या चर्चमध्ये फादरांनी म्हाताऱ्या दुसिकच्या आणि त्याची बायको ओकबुनच्या कपाळाला राख लावली. "तू माती आहेस, मातीलाच मिळशील, हे लक्षात ठेव."

दुसिक जागेवर आला आणि लगेच पुन्हा रांगेकडे निघाला. ओकबुनने नवऱ्याची बाही धरली. "अहो, झालं तुमचं!"

"अगं, फादरांनी काहीतरी लक्षात ठेवायला सांगितलंय. काय ते?"

सकाळी खाल्लेलं दुपारी न आठवणाऱ्या माणसाला मरणाची आठवण कशाला करून द्यायची!

"ईस्टरला अंडी रंगवायचीत," ती बोलून गेली.

बसस्टॉपवर दुसिकने थुंकीनं अंगठा ओला केला आणि तिच्या कपाळावरची राख साफ पुसून टाकली. "कुठून काळं लावून घेतेस गं! चल, अंडी घ्यायचीत ना?"