साळुंक्या

"आजोबा, धिस इज अबाउट यू, लाह." इराने लिफ्टशेजारी चिकटवलेल्या कागदाकडे बोट दाखवलं. पक्ष्यांना खायला घालू नये, दंड होईल. वर कबुतराचं चित्र आणि त्यावर लाल फुली.

पद्माकरांनी चष्मा कपाळावर चढवून सगळं वाचलं. "हे कबुतर आहे. मी कबुतरांना घालत नाही."

"मग कुणाला घालता, बाबा?" अनघाच्या दोन्ही हातांत लिटिल इंडियातून आणलेल्या पिशव्या होत्या. एकीतून केळीचं पान डोकावत होतं. भात पानावर खावासा वाटतो, असं त्यांनीच सांगितलं होतं.

"घालतो कुणालाही, खातात साळुंक्या. मेल्या दुसऱ्या कुणाला जवळ येऊ देत नाहीत."

लिफ्ट आली.

तोआ पायोहमधलं हे भाड्याचं घर जुनं होतं, पण परवडत होतं, आणि अनघाच्या नवऱ्याला, रवींद्रला, तुआसच्या कारखान्यात नेणारी कंपनीची बस खालीच थांबायची. वडील पुण्याहून आल्यापासून अनघाची लेक इरा हॉलमध्ये गादी टाकून झोपत होती. आई गुडघ्याचं ऑपरेशन उरकून मागाहून येणार होती. त्याआधीच वडिलांना इथे हार्ट अटॅक आला. डॉक्टर म्हणाले, इतक्यात विमान नाही, दगदग नाही, मनाला धक्का बसेल असं काही नाही.

त्याच सुमारास आई पुण्यात बाथरूममध्ये पडली, ती उठलीच नाही.

तिच्या भावाने, तन्मयने, एकट्याने सगळं केलं. अनघा गेली नाही. वडिलांना काय सांगून गेली असती? बहीणभावाने फोनवर ठरवलं, पुढच्या तपासणीत डॉक्टर हो म्हणाले की मगच सांगायचं. तिने वडिलांचा फोन दुरुस्तीला दिलाय असं सांगून स्वतःच्या कपाटात ठेवला. इराच्या तोंडात काही राहत नसे, म्हणून तिलाही सांगितलं नाही. रडायचं ते शॉवर सोडून. बाहेर आल्यावर डोळे लाल दिसले, तर शाम्पू गेला म्हणायचं.

रोज संध्याकाळी पद्माकर विचारायचे, "आईशी बोललीस?"

"बोलले. दमली होती. झोपली."

"झोपू दे तिला."

मी बोलतो, असं ते म्हणत नसत. "मी फोनवर आलो की गोळ्यांवरून उलटतपासणी घेते," ते इराला सांगायचे. तेवढंच अनघाच्या पथ्यावर पडत होतं.

बाकी त्यांचं तंत्र बिघडत चाललं होतं. एकदा ते चौथ्या मजल्यावरच्या मनोहरकाकांकडे गप्पा मारायला गेले. काका मूळचे पुण्याचे, बँकेतून निवृत्त झालेले. पण ते लगेच परतले आणि भर दुपारी डोक्यावरून आंघोळ करून बसले. "काय घाम येतो गं तुमच्या गावात." तेव्हापासून हे पक्ष्यांचं वेड. कुकर उघडला की कुणाच्याही आधी वाटीभर भात काढायचा आणि शेजारच्या कार पार्कच्या गच्चीवर जायचं. अनघाने त्या दिवसांत देवापुढे दिवा लावला नव्हता. ते विचारतील या धास्तीने तिने उत्तरही तयार ठेवलं होतं. त्यांच्या ते लक्षातसुद्धा आलं नाही. म्हातारपण, असं ती रवींद्रला म्हणाली.

शनिवारी दुपारी तन्मयचा फोन आला. ती बाथरूमचं दार लावून बोलली.

"आजचं सगळं पार पडलं," तो म्हणाला. "बाबांना काही कळलं नाही ना?"

"नाही. मजेत आहेत. पक्षी पाळलेत त्यांनी."

"तू कशी आहेस?"

"मी ठेवते. कुकर झालाय."

बाहेर आली तर पद्माकर दारात चपला काढत होते. डोक्यावर एक केस नव्हता.

"बाबा, हे काय?"

"खाली न्हावी मोकळाच बसला होता. बरं वाटतं, फार उकडतं."

"आजोबा, यू लुक लाइक अ मंक."

"मग भिक्षा वाढ, माई."

इरा खिदळली. त्यांनी आंघोळ केली, कुकरमधून भात काढून घेतला, केळीच्या पानाचा तुकडा फाडला, छत्री घेतली आणि निघाले.

अनघा ओट्यापाशी उभी राहिली. आई गेली होती, आणि हा माणूस साळुंक्यांचे लाड करत होता. त्यांना ठाऊक नाही, हे तिला कळत होतं. तरी राग येत होता. निदान दंडाचं तरी सांगावं, आज जरा चढ्या आवाजातच सांगावं, म्हणून ती त्यांच्या मागे गेली.

गच्चीवर टळटळीत ऊन होतं. एकही गाडी नव्हती. वडील तिच्याकडे पाठ करून उभे होते. कठड्यावर केळीचं पान, पानावर भाताचा गोळा. साळुंक्या झेपावत होत्या आणि ते छत्री फिरवून त्यांना हाकलत होते. खायला घालणारा माणूस पक्ष्यांना हाकलत होता. ती जिन्याच्या दारातच थांबली.

दिव्याच्या खांबावर एक कावळा येऊन बसला.

पद्माकरांनी छत्री खाली ठेवली आणि हात जोडले.

"अगं, गोळ्या वेळेवर घेईन."

कावळा हलला नाही.

"इराला मराठी वाचायला शिकवीन."

कावळ्याने मान वळवली, पण तो जागचा हलला नाही.

"लेकीचं म्हणतेस? बरं. लपवतेय, तर लपवू दे. मला कळलंय, हे मी अनघाला कळू देणार नाही."

कावळा कठड्यावर उतरला.