हयातीचा पुरावा

“बसा ना काकू,” एचआर मॅडम म्हणाल्या आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवला.

आई खुर्चीच्या कडेवर बसली. लिफ्ट बंद होती. दुखऱ्या छातीनिशी चार मजले चढून आली होती ती, आणि दम अजून खाली बसत नव्हता. मुलगा शेजारी उभाच राहिला. सात वर्षं याच कंपनीत ड्राफ्ट्समन होता तो, पण या काचेच्या खोलीत पहिल्यांदाच आला होता. बाहेरची मंडळी स्क्रीनमध्ये डोकं घालून बसली होती. इथे कुणाला बोलावलं की सगळ्या मजल्याला असा काही कामाचा ऊत येतो, विचारू नका.

प्रकरण तसं चिमूटभर होतं. पंधरा दिवसांपूर्वी मुलाची मावशी गेली. आई कारखान्यात पाळ्या करायची आणि मावशी त्याला न्हाऊमाखू घालायची, शाळेत सोडायची, त्याच्या वाटचा मारही खायची. पाच दिवसांची रजा टाकायला त्यानं दवाखान्याच्या बाकावर बसून मोबाइलवर फॉर्म उघडला. मयताशी नातं काय, यापुढे यादी होती. आई, वडील, पत्नी, मुलगा, मुलगी. मावशी नव्हती. कंपनीच्या लेखी मावशी मरत नसावी.

“आई लिही,” शेजारी बसलेली आई डोळे पुसत म्हणाली होती. “तिनंच तर केलं तुझं सगळं.”

त्यानं लिहिलं. रजा मिनिटात मंजूर झाली. साहेबांची सांत्वनाची मेल आली, तिला एकेचाळीस जणांनी हात जोडल्याच्या चित्राचं उत्तर दिलं. आणि कुणाचा हात न लागता आपोआप, त्याच रात्री, कंपनीच्या विम्यातून आईचं नाव गेलं. मेलेल्या माणसाला विमा कशाला?

हे कळलं ते काल. तिच्या हृदयाची झडप बदलायची होती, सोमवारची तारीख मिळाली होती. दवाखान्यातल्या बाईनं कार्ड दोनदा तपासलं आणि हळू आवाजात सांगितलं, की या बाई हयात नाहीत. विम्याशिवाय ऑपरेशन यांच्या आवाक्यातलं नव्हतं. मुलानं घाईघाईनं मेल टाकली, आईच्या नोंदीत चूक झाली आहे म्हणून. उत्तर आलं, आईंना प्रत्यक्ष घेऊन या.

“मॅडम, त्याचं असं झालं—”

“थांबा.” मॅडमनी हात वर केला. “तुम्ही बोललात की मला ते लिहावं लागतं. आधी माझं ऐका.”

त्यानं मान हलवली.

“आई हयात असतील तर नाव परत चढेल. त्यात अडचण काहीच नाही.” मॅडम फार गोड बोलायच्या, त्यासाठीच त्यांना तिथे बसवलं असावं. “पण मग रजेचा अर्ज खोटा ठरतो. खोट्या माहितीला आपल्याकडे एकच शिक्षा आहे. या वर्षात दोघं घरी गेलेत. आणि नोकरी संपली, की विमाही त्याच दिवशी संपतो. म्हणजे नाव सकाळी चढणार आणि संध्याकाळी उतरणार. मला वैयक्तिक काही नाही हो, पण नियम म्हणजे नियम.”

“आणि आई हयात नसतील तर?” आईनं विचारलं.

“मग चूक कुठेच नाही. फाइल बंद.”

मॅडमनी पेनाचं टोपण काढलं. कागदावरची जागा बोटानं चाचपली आणि मान वर न करता विचारलं, “तुम्ही याच्या कोण?”

आईनं पिशवी मांडीवर घट्ट धरली. तिची सगळी ओळखपत्रं त्या पिशवीत होती, प्लॅस्टिकच्या पाकिटात, सकाळी मुलानंच नीट लावून दिलेली.

“मावशी,” ती म्हणाली.

“आई, काय बोलतेस तू हे!”

“आईची फार सवय त्याला,” ती मॅडमना म्हणाली. “अजून तोंडात येतं.”

मॅडमचं पेन जरासं थांबलं. मग त्यांनी लिहिलं. ओळखपत्र मागितलं तेव्हा आई म्हणाली, घरी राहिलं. मॅडमनी पुन्हा मागितलं नाही. नाव विचारलं तेव्हा तिनं बहिणीचं सांगितलं, न अडखळता, आणि सहीही तिच्या नावाची केली.

मुलानं टेबलाची कड धरली. अजून तोंड उघडता आलं असतं. पण त्याला घर दिसलं, दोन लहान पोरं दिसली, आणि आतून कुठेतरी सुटल्यासारखं वाटलं. त्याची त्याला इतकी लाज वाटली, की आईकडे बघवेना. तो काचेबाहेर बघत राहिला. तिथे कुणीच त्याच्याकडे बघत नव्हतं.

मॅडमनी कागद फाइलमध्ये सरकवला आणि त्या उठून उभ्या राहिल्या. अशा वेळी उभं राहून बोलायचं असतं, हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं.

“काकू, तुमची बहीण गेली. फार वाईट झालं.”

“हो,” आई म्हणाली. पंधरा दिवसांत तिला हे म्हणणारं दुसरं कुणी भेटलं नव्हतं. तिचे डोळे भरून आले, खरोखरचे.

“काय झालं होतं त्यांना?”

आईनं टेबलाला धरून स्वतःला उभं केलं. दम लागला होता, म्हणून जरा थांबली.

“हृदयाची झडप,” ती म्हणाली. “सोमवारी ऑपरेशन होतं तिचं.”