सुटलेली फळी

धाकटी जाऊ पाण्यात पडली ती हसतहसतच. तलावाच्या मध्याजवळ, फळीवर उभ्याउभ्या वल्हं मारता मारता ती मागं वळून थोरलीला काहीतरी दाखवायला गेली, आणि धपकन खाली. डोकं वर आलं तेव्हाही तोंडावर हसू होतं. फक्त तिची फळी जागेवर नव्हती.

"पायातली दोरी कुठंय?" थोरलीनं विचारलं. ती स्वतःच्या फळीवर गुडघे टेकून बसली होती. आयुष्यात पहिल्यांदाच असल्या फळीवर चढलेली. पोहता येत नव्हतं, म्हणून अंगातल्या तरंगत्या जाकिटाचे सगळे पट्टे करकचून आवळलेले आणि फळीची दोरी घोट्याला पक्की बांधलेली.

"बांधलीच नाही. सारखी पायात येते हो. थांबा, आणते मी फळी."

धाकटीचा पेशाच पोहायला शिकवण्याचा. चार हात मारले की फळी हातात, असं तिला वाटलं. पण हात पोचायच्या आत वाऱ्याची एक झुळूक आली आणि हवा भरलेली ती पिवळी फळी पाण्यावरून सरकन पुढं गेली. तिनं पुन्हा जोर लावला. फळी पुन्हा निसटली.

थोरली बघत राहिली. ती शाळेत भूगोल शिकवायची आणि सारखे प्रश्न विचारते म्हणून घरात तिला सगळे 'चौकशी खिडकी' म्हणत. निघताना काठावरच्या झाडांखाली पाणी कसं आरशासारखं होतं. इथं मात्र बारीक लाटा उठत होत्या, आणि सगळ्या एकाच दिशेला धावत होत्या. पाठीला वारा लागत होता. म्हणजे किनाऱ्याकडून आत येणारा.

"अगं, आपण काही एवढं छान वल्हवत नव्हतो," ती मोठ्यानं म्हणाली. "वाराच ढकलत होता आपल्याला."

"ताई, आत्ता भूगोल नको!"

धाकटीचा आवाज फाटला होता. तिनं पोहणं थांबवून जाकिटाच्या बक्कलाला हात घातला. "हे आडवं येतंय मला. काढूनच टाकते."

"हात लावू नकोस त्याला!" वर्गावर ओरडावं तशी थोरली ओरडली. धाकटीचा हात थांबला. "तू जितकी जवळ जातेस तितकी ती पुढं पळते. मी बघतेय ना इथून. सोड तिला. माझ्याकडे ये."

"मला पोहता येतं, ताई."

"येतं ना. पण ती फळी पोहत नाहीये, उडतेय."

धाकटीनं एकदा फळीकडे पाहिलं. मग वळली. आता लाटा समोरून तोंडावर येत होत्या. थोरली फळीवर पालथी झोपली, वाऱ्याबरोबर तिच्या दिशेनं सरकू लागली आणि वल्हं पुढं धरलं. धाकटीचा हात पहिल्यांदा हुकला. दुसऱ्यांदा वल्हं सापडलं. थोरलीनं तिला ओढून घेतलं आणि खांद्यावरचा जाकिटाचा पट्टा मुठीत पकडला.

"धरलंय मी."

धाकटी छातीपर्यंत फळीवर आली, पाय पाण्यातच. फळी एका अंगाला कलली, पण दोघींना घेऊन तरंगत राहिली. किनारा समोर दिसत होता. त्या रोखानं त्यांनी बराच वेळ हातपाय मारले, पण काठावर रोवलेली मोठी छत्री होती तेवढीच लहान दिसत राहिली.

"असं नाही जमायचं," थोरली म्हणाली. डाव्या हाताला जमिनीचं एक टोक पाण्यात घुसलं होतं, त्यावर उंच गवत. "वाऱ्याला तोंड देण्यात अर्थ नाही. तिकडं तिरकं जाऊ. तू पाय मार, मी दिशा बघते."

वल्हं छातीखाली दाबून ती मोकळ्या हातानं पाणी कापू लागली. धाकटी पाय मारू लागली. थोड्या वेळानं थोरलीनं मान वळवली.

"पाय गुडघ्यातून मारायचा की मांडीतून?"

"मांडीतून."

"मग तू गुडघ्यातून का मारतेयस?"

धाकटीला हसू आलं आणि नाकातोंडात पाणी गेलं. खोकून झाल्यावर ती म्हणाली, "मांडीत जोर उरला नाही म्हणून."

त्यानंतर थोरलीनं काही विचारलं नाही. फक्त तिचा हात भराभर चालू लागला.

गवत जवळ आलं. मग त्याचं एकेक पातं वेगळं दिसायला लागलं. धाकटीचे पाय चिखलाला लागले तेव्हा ती नुसती उभी राहिली. मग दोघी जणी गवतात बसल्या, ओल्या, धापा टाकत. लांबवर एक पिवळा ठिपका पलीकडच्या काठाला जाऊन टेकला होता. फळ्या भाड्यानं देणाऱ्याची मोटरबोट आवाज करत त्यांच्याकडे येत होती.

"तो विचारेल, दोरी का नव्हती," धाकटी म्हणाली.

"विचारू दे की. मलाही ऐकायचंय."

धाकटीनं खांदा थोडा हलवला. "ताई, सोडा आता."

"काय?"

"पट्टा."

"सोडलाय की कधीच," थोरली म्हणाली. मग तिनं खाली पाहिलं. पट्ट्याभोवती बोटं वळलेली होती, पेरं पांढरीफटक. ती वाकून, चष्म्याशिवाय वाचायचा प्रयत्न करावा तशी, आपल्याच मुठीकडे निरखून बघू लागली.

"अगं, खरंच की. हा हात का सोडत नाहीये?"

धाकटीनं तिची बोटं उघडायला हात नेला. आणि तो तसाच त्या मुठीवर ठेवला.