मोकळं घर

आजींचा तोल जाऊ लागला होता आणि विसराळूपणाही वाढला होता. "घरातली अडगळ आधी हलवा, नाहीतर एखाद्या दिवशी अडखळून पडतील," असं डॉक्टरांनी बजावलं आणि आजोबांनी कंबर कसली.

परसातली पडकी खोली बरीच वर्षं तशीच होती. आजोबांनी तिच्यावर नवे पत्रे चढवले, भिंतींना गिलावा केला, निखळलेली खिडकी नीट बसवली.

"बाबा, या वयात गवंडीकाम?" लेकीने कपाळाला हात लावला.

"गवंड्याची वाट बघत बसण्यापेक्षा हातात थापी धरणं सोपं आहे, बाळ."

मग शिलाई मशीन, वेताची खुर्ची, जुनं कपाट, पितळी डबे, सगळं त्या खोलीत नीट मांडून झालं. घर इतकं मोकळं झालं की डोळे मिटून चाललं तरी कशाला पाय लागला नसता. आजोबा निर्धास्त झाले.

संध्याकाळी आजी घरात दिसेनात. आजोबा चपला न घालताच बाहेर पडले. गल्लीच्या टोकापर्यंत शोधून ते धापा टाकत परतले, तर परसातल्या खोलीचं दार उघडं. आत आजी मशीनपुढे खुर्ची ओढून बसल्या होत्या.

"अगं, इथे काय करतेस? चल, घरी चल," आजोबांनी हात पुढे केला.

आजींनी तो घट्ट धरला. त्यांचे डोळे भरून आले होते.



"अहो, सगळा संसार इकडे हलवलात, आणि मला एकटीलाच त्या परक्या घरात ठेवलंत?"