काळ्या गडाचं गुपित

चिंचोळी एमआयडीसीतून घरी आला की दिपक मोबाईलवर ड्रॅगन-राक्षसांच्या ऑनलाइन गेममध्ये शिरतो. काल त्यानं गेमच्या ग्रुपवर अकरा मिनिटांचा व्हॉईस मेसेज टाकला.

"काळ्या गडाचे आणि अग्निवंशी, ही दोन्ही घराणी आतून एक हायत बघा. इतकी वर्षं लढतायत, पण एकानं तरी दुसऱ्याचा वाडा जाळला का? मरतंय ते बारकं सैन्य. पुढच्या अपडेटला दोन राजांची सोयरीक न्हाय जुळली, तर मिशी काढून टाकीन!"

दीडशे जणांनी अंगठे दिले.

त्याच्या आईनं, येसूबाईनं, भाकरी थापता थापता सगळं ऐकलं. पिठाचे हात पुसून तिनं दोन लग्नपत्रिका त्याच्यापुढं ठेवल्या. वॉर्डातल्या तात्यांच्या पोरीचं लग्न त्यांच्या कट्टर विरोधक अण्णांच्या पोराशी ठरलं होतं. एक पत्रिका तात्यांच्या कार्यकर्त्याच्या, म्हणजे दिपकच्या नावाची. दुसरी अण्णांच्या कार्यकर्त्याच्या, म्हणजे शेजारच्या खोलीतल्या जालिंदरच्या नावाची. मागच्या निवडणुकीत एकमेकांची डोकी फोडल्यापासून दिपक आणि जालिंदर हे सख्खे भाऊ बोलत नव्हते.

"आता तरी बोल की त्याच्याशी," येसूबाई म्हणाली.

दिपकनं पत्रिका उलटून पालटून पाहिल्या.



"तुला न्हाय कळायचं, आई. ही नुसती सोयरीक हाय."