मास्तर ठणठणीत आहेत

"नाही हो काका, शोकसभा वगैरे काही नाही," ताई फोनवर म्हणाली. "मास्तर ठणठणीत आहेत. ते मालिकेत गेले."

"मालिकेत का होईना, पण गेले ना?" असं म्हणून काकांनी नाक शिंकरलं.

वाहिनीच्या प्रेक्षक विभागात सोमवारपासून हेच चाललं होतं. मास्तर दहा वर्षं रोज संध्याकाळी लोकांच्या घरी येत होते. सख्खे नातेवाईक इतक्या नेमानं येत नाहीत, आणि आलेच तर अर्ध्या तासात उठत नाहीत. सोमवारच्या भागात मास्तरांनी दवाखान्याच्या खाटेवर डोळे मिटले. मिटण्याआधी दाराकडे बघून पुटपुटले, "आई, कडी काढ गं. आलोय मी."

झालं! त्या एका वाक्यावर घरोघरी डोळ्यांना धार लागली. एका शिंप्यानं दुकान उघडलं नाही. एका बाईंनी नवऱ्याशी बोलणं सोडलं, कारण नेमकी त्या वाक्याला त्याला जांभई आली होती. फक्त एका निवृत्त मुख्याध्यापकांचे डोळे कोरडे होते. "मास्तरांची आई पहिल्याच वर्षी वारलेली दाखवलीय," ते म्हणाले. "मग कडी काढणार कोण?" ताईनं 'वर कळवते' म्हणून सांगितलं. वर म्हणजे नक्की कुठे, हे तिलाही ठाऊक नव्हतं.

साहेबांनी सगळ्यांना एकच उत्तर पढवलं होतं: कलाकार ठणठणीत आहेत, ही केवळ गोष्ट आहे. ताई ते इतक्या मायेनं सांगायची की रडत आलेला माणूस आभार मानून फोन ठेवायचा. म्हणून अवघड फोन साहेब तिच्याकडे ढकलत. एका मावशींचा फोन असाच तिच्याकडे आला.

"पोरी, त्याला बरं नाही का गं?" आवाज म्हातारा होता, अडखळत येणारा.

"कुणाला, मावशी?"

"मास्तर करतो ना, त्याला."

"अहो, ती रंगभूषा. चांगल्या धडधाकट माणसाला आमच्याकडे तासाभरात अंथरुणाला खिळवतात."

"मनगटं पण रंगवून बारीक होतात?"

ताईला हसू आलं. "मावशी, तुमचं लक्ष भारी बारीक हं!"

"दुसरीकडे कुठे दिसतो तो? जे दिसतं ते बघून घेते." मग जरा थांबून, "जेवतो ना नीट?"

"चार माणसांचं एकटे जेवतात," ताईनं ठोकून दिलं. तिनं त्या नटाला कधी जिन्यातसुद्धा पाहिलं नव्हतं.

"मग बरं," मावशी म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच. साहेबांनी डोळे मिचकावले. "घे, तुझ्या सासरचा फोन."

"एकच विचारते," मावशी म्हणाल्या. "ते कडीचं वाक्य त्याला लिहून दिलेलं होतं, की तो आपल्या मनानं बोलला?"

असा प्रश्न अजून कुणी विचारला नव्हता. ताईनं फोनवर हात ठेवून साहेबांना विचारलं.

"मला काय माहीत?" साहेब चहात बिस्कीट बुडवत होते. "सांग, लिहिलेलं होतं. लेखकाचं तेवढंच भलं होईल."

"लिहिलेलंच होतं, मावशी. आमच्याकडे श्वाससुद्धा कागदावर असेल तेवढाच घेतात."

"नक्की ना गं?"

"अगदी शंभर टक्के."

पलीकडून पिशवीची चेन ओढल्याचा आवाज आला.

"कुठे निघाला होतात का?" ताईनं विचारलं.

"निघाले होते. आता कशाला? उगाच कुणाच्या दारात उभं राहायचं."

"तेच म्हणते मी. या वयात कशाला दगदग? आरामात घरी बसा. पुढच्या आठवड्यात आमची नवी मालिका येतेय, विनोदी आहे."

"गेल्या का मावशी?" साहेबांनी विचारलं.

"हलक्या होऊन गेल्या," ताई म्हणाली. त्या दिवशी घरी जाताना तिलाही हलकं वाटत होतं. एवढ्या पगारात एवढं समाधान फार नोकऱ्यांत मिळत नाही.

शनिवारी सकाळी कार्यालयातल्या भिंतीवरच्या टीव्हीत बातमी आली. मास्तरांचं काम करणारा नट गेला. आणि हे मरण कुणी लिहिलेलं नव्हतं. कित्येक महिने आजारी होता. वाहिनीनं ते गुलदस्त्यात ठेवलं होतं. दिग्दर्शक डोळे पुसत सांगत होता, "ते कडीचं वाक्य कागदावर नव्हतंच हो. तो आपल्या मनानं बोलला. मी म्हटलं, हे काढावं लागेल. तर हात धरून म्हणाला, राहू द्या, कुणीतरी ऐकेल."

साहेबांनी टीव्हीचा आवाज कमी केला आणि नवं उत्तर पढवलं: वाहिनी आपल्या दुःखात सहभागी आहे. सगळे फोन एकदम वाजायला लागले. तिसऱ्याच फोनवर मावशी होत्या.

ताईला वाटलं, भाबडी म्हातारी, मालिकेतलं मरण आणि हे मरण एकात एक करून बसली असणार. आता हिला कसं समजवायचं?

"मावशी, मला तरी कुठे ठाऊक होतं हो? वरून सांगितलं तेच मी बोलले. जिवाला लावून घेऊ नका. शेवटी आपण प्रेक्षक..."

"पोरी," मावशी म्हणाल्या. आवाज कोरडा होता. "ती कडी मीच लावली होती गं, तो नट व्हायला निघाला त्या दिवशी."