एकच ठोका

वायर पकडायला तो खाली वाकला, तेव्हा कपाटाचं मागचं चाक त्याच्या मनगटाला घासलं आणि फिरलं.

माणसापेक्षा उंच लोखंडी कपाट, वरपासून खालपर्यंत सर्व्हर भरलेले. त्याचं चाक फिरायला नको होतं. त्यानं बोट लावून पाहिलं. गरगर फिरलं. चाक आणि जमीन यांच्यात कागद सरकेल एवढी फट होती.

पुढच्या बाजूला त्याची बायको होती. वरचा सर्व्हर रुळांवर पूर्ण बाहेर ओढून त्याच्या खाली मांडी घालून बसलेली. हाताशी त्याहून जड, डिस्कांनी भरलेला दुसरा, अजून कपाटातच.

एका वेळी एकच बाहेर काढायचा असतो, नाहीतर भारानं कपाट पुढे झुकतं. पण साहेबांना दुपारच्या आत सगळं चालू हवं होतं.

"एकेक करत बसले तर इथेच म्हातारी होईन," ती मघाशी या खोलीबाहेर म्हणाली होती. "दोन्ही काढते. दारावर हिरवा कागद आहे, तपासलेलं कपाट आहे."

तो साहेबांशी फोनवर होता. बोलला नाही.

"गप्प म्हणजे हो," ती हसली. "मला बघायला आलास तेव्हाही असाच गप्प बसला होतास."

तळाच्या झाकणाआड दोन लोखंडी पकडी असतात. त्या कपाटाला जमिनीशी बांधून ठेवतात. ऑफिसात त्यांची एकच जोडी होती. तपासनीस ज्या कपाटाशी येईल त्याला ती लावायची, हिरवा कागद चिकटला की काढून पुढच्याला. या कपाटाची सकाळी त्यानंच काढली होती. बायको तेव्हा सुटे भाग आणायला गेली होती.

"कपाट काय पळून जातंय का?" साहेब म्हणाले होते. तोही हसला होता.

"अगं, हात लावू नकोस!" तो ओरडला. पंख्यांच्या घरघरीत त्याचा आवाज त्यालाच ऐकू आला नाही. म्हणून तर इतकी वर्षं ती दोघं इथे ठोक्यांनी बोलत. पुढून दोन ठोके म्हणजे 'ओढू का?' मागून एक ठोका म्हणजे 'थांब.' काहीच आलं नाही, म्हणजे 'ओढ.'

त्यानं कपाटाची मागची चौकट दोन्ही हातांनी धरली आणि सगळ्या अंगानिशी लोंबकळला. चाक जमिनीला टेकलं.

पुढून दोन ठोके आले.

त्यानं उजवा हात सोडून पाहिला. चाक उचललं गेलं. त्यानं पुन्हा घट्ट धरलं.

मग त्यानं लोखंडावर कपाळ आपटलं. एकदाच, जोरात.

डोळ्यावर ओलं काही उतरलं. ते पुसायला हात नव्हता. तो वाट पाहत राहिला.

कपाळाचा बोथट ठोका घरघरीत पुढे पोचलाच नव्हता; पलीकडे दुसरा सर्व्हर रुळांवर सरकू लागला. हातांतलं लोखंड हळूहळू वर निघालं, आणि त्याच्यासोबत त्याच्या टाचाही.